त्र्याण्णव वर्षांचा म्हातारा जेरोम कसा झाला: रेनेसाँ काळातलं संताचं रेखाटन वाचायची रीत

व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात एका म्हाताऱ्याचं रेखाटन आहे. कागदाला आधी करड्या-जांभळ्या रंगाचा हात दिलेला. त्यावर कुंचल्याने काळी-करडी शाई, आणि उजेड पडतो तिथे पांढरा रंग. डोक्याला घट्ट टोपी, डोकं हातावर टेकलेलं, नजर खाली झुकलेली. दाढीची एकेक बट सुटी करून काढली आहे. कागदावर चित्रकाराने स्वतः जर्मनमध्ये लिहून ठेवलं आहे की हा माणूस ९३ वर्षांचा होता, तरी धडधाकट होता, आणि अँटवर्पचा होता.

चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर, साल १५२१. याच म्हाताऱ्यावरून त्याने त्या वर्षी संत जेरोमचं, म्हणजे बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या चौथ्या शतकातल्या संताचं, तैलचित्र केलं. ते आज लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आहे. पण रेखाटनात संतपणाची एकही खूण नाही. तेजोवलय नाही, क्रूस नाही, ग्रंथ नाही. मग हा म्हातारा जेरोम झाला कधी आणि कशामुळे? त्या काळच्या रेखाटनांत संत कसे घडतात, हे शिकायला याहून चांगली सुरुवात मला सापडलेली नाही. म्हणून हा सगळा लेख एकट्या जेरोमवर आहे. एक संत नीट वाचता आला की बाकीचे बरेच आपोआप उलगडू लागतात.

आपल्याला मूर्तीवरून देव ओळखायची सवय लहानपणापासून असते. कमरेवर हात आणि पायाखाली वीट दिसली की विठोबा, मागे गाय आणि पायाशी चार कुत्री दिसली की दत्त. ख्रिस्ती संतांच्या बाबतीतही ही सवय उपयोगी पडते. मोडकं चाक म्हणजे कॅथरिन, अंगात रुतलेले बाण म्हणजे सेबॅस्टियन, किल्ल्या म्हणजे पीटर, लोखंडी जाळी म्हणजे लॉरेन्स. पण एवढ्यावर थांबलं तर आपण चित्र पाहिलंच नाही, दारावरची पाटी वाचून परत आलो. पुढच्या पायऱ्या दाराच्या आत जाण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: संत बाजूला ठेवा, कागद पाहा

रेखाटन समोर आलं की आधी विचारा, हे कशाने काढलंय आणि कशासाठी. या एका प्रश्नाने पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

पंधराव्या शतकात रुप्याच्या तारेने काढायची पद्धत जोरात होती. साध्या कागदावर रुपं उमटत नाही. म्हणून हाडांची राख सरसात कालवून कागदाला तिचे हात द्यायचे, मग त्या खरखरीत थरावर तार फिरवायची. रेघ आधी करडी दिसते, पुढे हवेने तपकिरी होत जाते. ती पुसता येत नाही. त्यामुळे अशा कागदावर दिसणारी प्रत्येक खूण जाणूनबुजून ठेवलेली असते. बोरूने शाईत काढलेलं रेखाटन वेगळं, त्यात हात धावता असतो, एकाच हाताच्या तीन-तीन जागा करून पाहिलेल्या दिसतात. लाल किंवा काळ्या खडूचं काम बहुधा शरीराच्या गोलाईसाठी.

रंगाचा हात दिलेल्या कागदावर ड्यूररचा खास जीव. तिथे कागद स्वतःच मधली छटा असतो. चित्रकार अंधार खाली ढकलतो आणि उजेड वर ओढतो. १५०८ मध्ये त्याने निळ्या कागदावर काढलेले जोडलेले हात जगभर छापले गेले आहेत. मुळात ते चर्चच्या वेदीवरच्या एका चित्रातल्या प्रेषिताच्या हातांची पूर्वतयारी होते. आज मात्र लोक त्यांच्याकडे स्वतंत्र प्रार्थनाचित्र म्हणूनच पाहतात.

प्रश्न कशासाठी काढलं हाच आहे. पूर्वतयारीच्या कागदावर खुणा नसतील तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, त्या चित्रकाराच्या डोक्यात असू शकतात. मोठ्या चित्राचा सगळा आराखडा असेल तर मात्र प्रत्येक वस्तू मोजून धरायची. ड्यूररने १५२१ च्या जेरोमसाठी डोकं, हात, ग्रंथ ठेवायची घोडी आणि कवटी असे सुटे कागद केले. म्हाताऱ्याच्या कागदावर कवटी नाही, कारण तिला तिचा स्वतःचा कागद मिळाला आहे.

दुसरी पायरी: यादी करा, अर्थ लावू नका

वहीचं पान घ्या आणि तीन रकाने आखा. काय आहे, कुठे आहे, कसं काढलंय. दहा मिनिटं फक्त हेच भरा. ‘कवटी: खिडकीच्या कट्ट्यावर: बारीक रेघांत, उजेड डावीकडून’, अशा तऱ्हेने. ‘मृत्यूचं स्मरण’ वगैरे काहीही लिहायचं नाही. हे अवघड जातं, कारण अर्थ आधी तोंडावर येतो आणि तो आला की डोळा काम थांबवतो.

सरावासाठी ड्यूररचंच १५१४ चं ‘अभ्यासिकेतला जेरोम’ घ्या. हे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र आहे, म्हणजे काटेकोर अर्थाने रेखाटन नव्हे. पण पत्र्यावरची रेघन् रेघ त्याच्याच हातची आहे आणि वस्तूंची गर्दी एवढी की यादी शिकायला दुसरं चित्र नको. समोर सिंह पसरलाय, त्याच्या शेजारी कुत्रं झोपलंय. मेजावर क्रूस. खिडकीच्या कट्ट्यावर कवटी. मागच्या भिंतीवर रुंद काठाची टोपी आणि वाळूचं घड्याळ. बाकाखाली सपाता. छताला एक मोठा भोपळा टांगलेला, देठापानासकट. बाटलीच्या बुडासारख्या गोल काचांतून ऊन आत आलंय. बहुतेक लोक यादीत भोपळा विसरतात. त्याच्याकडे आपण येणारच आहोत.

यादी झाली की एक पट्टी घ्या. म्हाताऱ्याच्या डोक्यापासून मेजावरच्या क्रूसावरून रेघ ओढा. ती जाऊन कवटीला टेकते. मला हे पहिल्यांदा कुणी दाखवलं तेव्हा मी बराच वेळ ते पान उलटलं नव्हतं. जेरोम लिहितोय, मान खाली आहे, तो कवटीकडे बघतही नाही. तरी त्याच्या आणि मृत्यूच्या मध्ये क्रूस उभा आहे, तोही खोलीत सहज ठेवल्यासारखा. ‘कुठे आहे’ हा रकाना कोरा ठेवला असता तर हे हाती लागलं नसतं.

तिसरी पायरी: कोणता जेरोम?

खरा जेरोम चौथ्या शतकातला. जन्म स्ट्रिडॉन गावचा, डाल्मेशियाच्या सीमेवरचा. तरुणपणी तो सिरियाच्या वाळवंटात जाऊन तपाला बसला. पुढे रोममध्ये पोप दामासुसचा चिटणीस झाला आणि शुभवर्तमानांचा लॅटिन पाठ तपासून सुधारू लागला. पोप वारल्यावर त्याने रोम सोडलं आणि ३८६ पासून बेथलेहेममध्ये राहून हिब्रू मुळावरून बायबल लॅटिनमध्ये आणलं. ४२० च्या सुमारास तिथेच देह ठेवला. त्याचा सण ३० सप्टेंबरला असतो आणि म्हणूनच तो दिवस अनुवादकांचा दिवस म्हणून पाळला जातो.

चित्रकारांनी या आयुष्यातून मुख्यतः तीन जेरोम काढले. एक अभ्यासिकेतला, कपडे नीटनेटके, भोवती ग्रंथ. दुसरा वाळवंटातला, अर्धा उघडा, गुडघ्यावर, हातात दगड. तिसरा सिंहाच्या पंजातला काटा काढणारा. यातला कोणता निवडला यावरून चित्र कुणासाठी होतं याचा अंदाज येतो. ग्रंथात रमणाऱ्या विद्वानांना पहिला आपलासा वाटे, मठातल्या तपस्व्यांना दुसरा. अर्थात हा अंदाजच, नियम नव्हे.

अँतोनेल्लो दा मेस्सिनाचा लंडनच्या नॅशनल गॅलरीतला जेरोम पहिल्या जातीचा. मोर आणि तितर ऐन उंबऱ्यावर आहेत, सिंह मात्र उजवीकडच्या सावलीत इतका मागे आहे की शोधावा लागतो. लिओनार्दोचा व्हॅटिकनमधला, १४८० च्या आसपासचा जेरोम दुसऱ्या जातीचा. तो फळीवर आहे, पण अपुरा राहिल्यामुळे जवळजवळ रेखाटनासारखाच वाचता येतो. सिंह नुसत्या बाह्यरेषेत, आणि गळ्याच्या शिरा-स्नायू मात्र शरीर फाडून पाहिल्यासारखे. तिथे संतपण टोपीत किंवा ग्रंथात नाही, त्या ताणलेल्या मानेत आहे.

चौथी पायरी: खूण कुठून आली, ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

टोपी. ती कार्डिनलची, म्हणजे पोपखालोखालच्या धर्माधिकाऱ्याची. जेरोम कधीच कार्डिनल नव्हता. कार्डिनलांना लाल टोपी पोप चौथ्या इनोसंटने १२४५ मध्ये दिली, जेरोमला जाऊन आठशेहून अधिक वर्षं झाल्यावर. तो पोपच्या पदरी होता, म्हणून मध्ययुगाने त्याला आपल्या ओळखीचा हुद्दा चढवला. टोपी पाहताना ती कुठे आहे ते बघा. डोक्यावर असली तर अधिकार, जमिनीवर पडलेली असली तर त्याग. ड्यूररने खुंटीला अडकवली आहे, म्हणजे मान आहे, पण आज कामाचा दिवस आहे.

सिंह. इथे आपली दत्त-विठोबाची सवय थोडी आवरायला हवी. सिंह हे जेरोमचं वाहन नाही. तो त्याच्या स्वभावातून किंवा शिकवणीतून आलेला नाही, बहुधा नावाच्या घोटाळ्यातून आला. यार्देन नदीकाठच्या मठातला गेरासिमुस नावाचा एक साधू होता, सिंहाच्या पंजातला काटा काढल्याची गोष्ट त्याची. जेरोमचं लॅटिन नाव हिएरोनिमुस, लिहिताना गेरोनिमुसही होई, आणि दोन नावं एकमेकांत मिसळली. तेराव्या शतकातल्या ‘सुवर्णकथा’ या संतचरित्रांच्या संग्रहात ती गोष्ट जेरोमच्या नावावर पक्की झाली. त्यात पुढे भर आहे. सिंह मठात राहतो, लाकडं वाहणाऱ्या गाढवाची राखण करतो, एके दिवशी झोप लागते, व्यापारी गाढव पळवतात, भिक्षू म्हणतात सिंहानेच खाल्लं. बिचारा मुकाट्याने गाढवाची कामं करतो आणि शेवटी तोच काफिला हुडकून गाढव परत आणतो.

ही गोष्ट माहीत असली की सिंहाच्या चेहऱ्यावर चित्रकाराने काय ठेवलंय ते दिसू लागतं. कार्पाच्चोने १५०२ मध्ये व्हेनिसच्या डाल्मेशियन मंडळासाठी, म्हणजे जेरोमच्या गाववाल्यांसाठी, हा प्रसंग रंगवला. सिंह दीनवाणा आत येतोय आणि भिक्षू झगे उडवत पळत सुटलेत. ड्यूररने १४९२ मध्ये बाझेलला जेरोमच्या पत्रांच्या मुखपृष्ठासाठी जो लाकडी ठसा केला, त्यात काटा काढणं सुरूच आहे आणि मागे तीन ग्रंथ उघडे आहेत, हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन. तपस्वी, प्राणिमित्र आणि भाषांतरकार एकाच खोलीत. त्याचा हा सुरुवातीचा सिंह आणि १५२१ च्या एप्रिलमधला सिंह शेजारी ठेवून पाहा. त्या एप्रिलमध्ये गेंट शहरात त्याने खरे सिंह पाहिले, रुप्याच्या तारेने काढले आणि रोजनिशीत लिहूनही ठेवलं. तो सिंह कोणत्याच संताचा नाही, नुसता सिंह आहे.

(न पाहिलेला प्राणी काढायची ड्यूररला सवयच होती. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला गेंडा गोव्यामार्गे १५१५ मध्ये लिस्बनला पोचला. ड्यूररने तो कधी पाहिला नाही, दुसऱ्याच्या वर्णनावरून काढला, आणि युरोपने पुढे कैक पिढ्या त्यालाच गेंडा मानलं.)

दगड. वाळवंटातल्या दिवसांबद्दल जेरोमने युस्टोकियम या शिष्येला लिहिलेलं पत्र आहे. सोबतीला विंचू आणि श्वापदं, तरी डोळ्यांपुढे रोमच्या मुलींचे नाच, आणि म्हणून मी छाती बडवत राहिलो, असं तो सांगतो. पत्रात दगड नाही. तो चित्रकारांनी हातात दिला, कारण रिकामी मूठ दुरून कळत नाही.

आता भोपळा. योना संदेष्ट्याच्या पुस्तकात देव योनावर सावली धरायला एका रात्रीत एक झाड उगवतो. जुन्या लॅटिन पाठात त्याला भोपळ्याचा वेल म्हटलं होतं. जेरोमने नव्या भाषांतरात ‘आयव्ही’ या दुसऱ्याच वेलीचं नाव घातलं. संत ऑगस्टीनने त्याला कळवलं की उत्तर आफ्रिकेतल्या एका गावी बिशपने हा नवा पाठ वाचला आणि लोक एवढे खवळले की बिशपचीच जागा जायची वेळ आली. जेरोमने उलट लिहिलं, मूळ हिब्रू शब्दाला लॅटिनमध्ये नावच नाही, ते रुंद पानांचं, भराभर वाढणारं, आपल्याच खोडावर उभं राहणारं झुडूप आहे. वर्णन एरंडाचं आहे. अनेक अभ्यासकांना वाटतं की छताला टांगलेला भोपळा त्या भांडणाची आठवण आहे. मला हे पटतं. एका शब्दासाठी माणसं किती पेटतात हे ज्याने भोगलंय, त्याच्या डोक्यावर तो शब्दच लटकतोय. मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत बायबल आणायला पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं खर्ची घातली. हा भोपळा पाहताना मला त्यांची आठवण होते.

पाचवी पायरी: तोच आहे ना, याची खात्री करा

एका खुणेवर नाव ठरवू नका, किमान दोन जुळू द्या. पंख असलेला सिंह मार्कचा. कवटी मग्दालेनाकडेही असते आणि फ्रान्सिसकडेही. कार्डिनलची टोपी बोनाव्हेंतुराचीही खूण आहे. दगड स्टीफनचा असू शकतो, पण स्टीफन तरुण असतो, त्याने डीकनचा, म्हणजे धर्मगुरूच्या मदतनिसाचा, झगा घातलेला असतो आणि दगड त्याच्यावर पडलेले असतात. ग्रंथ, लेखणी आणि बिशपचा उंच मुकुट दिसला तर तो ऑगस्टीन.

सहावी पायरी: काय गाळलं ते पाहा

आता परत अँटवर्पला. लिस्बनच्या तैलचित्रात यादी तोकडी आहे. लाल वस्त्र, क्रूस, ग्रंथ, दौत, कवटी. सिंह नाही, गुहा नाही, वाळवंट नाही. खोली जवळपास नाहीशी झाली आहे, म्हातारा अगदी आपल्या अंगावर आलाय. ड्यूररने इतकी वर्षं ज्या खुणा जमवल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच इथे खाली ठेवल्या.

हे चित्र त्याने रोद्रिगो फर्नांदिस द आल्मादाला दिलं. रोद्रिगो पोर्तुगीज राजाच्या अँटवर्पमधल्या वखारीचा माणूस. या वखारीतून मलबारची मिरी उत्तर युरोपला विकली जाई. ड्यूररच्या रोजनिशीत या पोर्तुगीजांकडून मिळालेल्या भेटी आहेत, त्यात नारळ आहेत, पोपट आहेत, कालिकतचं कापड आहे. जेरोम त्या दरबारचा लाडका संत. राजा मानुएलने लिस्बनजवळ जेरोमपंथी भिक्षूंसाठी बांधलेल्या प्रचंड मठाला मसाल्याच्या व्यापाराचा पैसा लागला, आणि नानी दमणचा किल्लाही पोर्तुगीजांनी याच संताच्या नावाने बांधला. म्हणून चित्र कुणाच्या हाती जाणार होतं, हा प्रश्न तुमच्या वहीत नेहमी असू द्या. जेरोमला आधीपासून ओळखणाऱ्या घरात सिंह दाखवायची गरज नव्हती.

मग खूण उरली कुठे? डोळ्यांत आणि बोटात. रेखाटनात पापण्या खाली आहेत, म्हातारा स्वतःतच आहे. तैलचित्रात तोच चेहरा, तोच टेकलेला हात, पण नजर उचलून थेट आपल्यावर रोखलेली, आणि दुसऱ्या हाताचं बोट कवटीवर. माझ्या मते म्हातारा जेरोम झाला तो या क्षणी. पुढे अँटवर्पमध्ये योस व्हान क्लेव्ह आणि इतरांनी हीच मांडणी पुन्हा पुन्हा काढली, इतकी ती मनात बसली.

सातवी पायरी: हातात पेन्सिल घ्या

चांगलं यायला हवं असं नाही. आल्बर्टिनाच्या संकेतस्थळावर म्हाताऱ्याचं रेखाटन मोठं करून पाहता येतं. पूर्ण चेहरा काढू नका, एक डोळा आणि त्याखालची सुरकुती घ्या, वीस मिनिटं. करडा कागद, काळी पेन्सिल आणि पांढरा खडू पुरेसा. पांढरा कुठे लावायचा हे ठरवताना लक्षात येतं की ड्यूररने तो किती थोड्या जागी वापरलाय. नंतर लिस्बनच्या चित्रातला तोच डोळा काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा.

मूळ कागद पाहायला व्हिएन्नाला जाणं प्रत्येकाला जमत नाही, आणि गेलं तरी अशी रेखाटनं उजेडाने खराब होतात म्हणून कायम मांडून ठेवत नाहीत. पण जुन्या गोव्यात सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. गोव्याच्या कारागिरांनी हस्तिदंतात कोरलेला ‘भला मेंढपाळ’ हा प्रकार, म्हणजे डोंगरावर बसलेला मेंढपाळाच्या रूपातला ख्रिस्त, कुठे पाहायला मिळाला तर थेट तळाशी बघा. डोंगराच्या पायथ्याला गुहा असते, तिच्यात पहुडलेली एक आकृती बहुतेक वेळा दिसते. वही काढा, तीन रकाने आखा. ग्रंथ आहे का, कवटी आहे का, केस किती लांब आहेत. दाढी नाही आणि केस मोकळे आहेत, म्हणजे जेरोम नव्हे, मग्दालेना.